परदेशी ठरवून ताब्यात घेण्याचा अधिकार कुणाचा? राज्य सरकार ‘नाही’ म्हणू शकतं का, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात काय?

भूगाव (ता. मुळशी) : चांदणी चौक ओलांडून भूगावात शिरलं की बांधकामं सुरू, आणि बांधकाम म्हटलं की बाहेरचा मजूर आलाच. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले. त्यात बंगाली बोलणारेही असतात. कुणी खोली भाड्याने मागायला आला आणि बोली बंगाली निघाली, की मालकाच्या मनात शंका येते. ‘हा बंगालचा की बांगलादेशचा? पोलीस आले तर आपण काय करायचं? पंचायत काही ठराव करू शकते का?’ कायदा काय सांगतो ते सोप्या भाषेत पाहू.

अधिकार केंद्राचा, माणसं राज्याची

नागरिकत्व, परदेशी नागरिक आणि त्यांना देशाबाहेर काढणं हे विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहेत. म्हणजे कायदा दिल्लीत होतो. आधी १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा ‘आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ लागू झाला.

पण पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्याचे. केंद्राने परदेशी शोधणं, ताब्यात ठेवणं आणि परत पाठवणं याचे अधिकार घटनेच्या कलम २५८ खाली राज्यांना सोपवलेत. त्यामुळे कायदा केंद्राचा असला तरी दारावर येणारा पोलीस राज्याचाच असतो. पाठवायच्या आधी माणसाला जिथं ठेवायचं, ते स्थानबद्धता केंद्र म्हणजे डिटेन्शन सेंटरही राज्यानेच उभारायचं. त्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना नमुना नियमावली पाठवली.

महाराष्ट्राने एकदा ‘नाही’ म्हटलं होतं

२०१९ मध्ये नवी मुंबईत नेरूळ इथं अशा केंद्राची हालचाल सुरू झाली. गृह खात्याने सिडकोकडे जागा मागितली होती. वर्षअखेरीस सरकार बदललं. डिसेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महाराष्ट्रात असं केंद्र होऊ देणार नाही, असं सांगितलं. पुढे पुन्हा सरकार बदललं आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत असं केंद्र उभारण्याचं जाहीर केलं.

यातून काय दिसतं? जागा, इमारत आणि मनुष्यबळ राज्याच्या हातात असल्याने राज्य काम पुढे नेऊ शकतं किंवा थांबवू शकतं. पण कायमचा नकार देणं अवघड, कारण संसदेच्या कायद्याचं पालन करणं कलम २५६ नुसार राज्याला बंधनकारक आहे.

अमेरिकेत वेगळं कसं?

आपल्या भागातली बरीच पोरं अमेरिकेत नोकरीला आहेत, म्हणून हेही समजून घ्या. तिथं केंद्र सरकार राज्यांच्या पोलिसांना स्वतःच्या कामाला जुंपू शकत नाही, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका खटल्यात सांगितलं. त्या आधारावर कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांनी २०१७ मध्ये कायदे केले. सुटायची वेळ झालेल्या माणसाला केवळ इमिग्रेशन खात्याच्या विनंतीवरून कोठडीत थांबवून ठेवायला तिथल्या पोलिसांना मर्यादा आहे. मात्र केंद्राचे अधिकारी स्वतः येऊन पकडू शकतात. त्यामुळे अशा राज्यात राहणारा माणूस पूर्ण सुरक्षित आहे, असं समजू नये.

ग्रामसभेचा ठराव किती चालतो?

२०२० मध्ये अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या इसळक गावाच्या ग्रामसभेने नागरिकत्व नोंदणीला असहकाराचा ठराव केला. परभणी जिल्ह्यातल्या सेलू नगरपरिषदेनेही विरोधाचा ठराव केला. असे ठराव म्हणजे गावाचं मत. ते सरकारपर्यंत पोचतं, पण त्याने केंद्राचा कायदा थांबत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘अमक्या राज्याच्या, अमक्या धर्माच्या माणसाला खोली द्यायची नाही’ असा ठराव करण्याचाही पंचायतीला अधिकार नाही. भारतीय नागरिकाला देशात कुठंही राहता येतं, हा कलम १९ चा हक्क आहे. कोण नागरिक आणि कोण नाही, हे ठरवणं सरपंचाचं काम नाही आणि खोलीमालकाचंही नाही.

घाई केली तर काय होतं?

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून ताब्यात घेतलं गेलं आणि सीमेपलीकडे पाठवलं गेलं. पुढे बंगाल सरकारने कागदपत्रं दाखवली आणि त्यांना परत आणावं लागलं. ती माणसं भारतीय होती. गावाकडची कागदं नीट तपासली असती तर ही वेळ आली नसती.

दुसरीकडे, नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणजे माणूस आपोआप नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरही राज्याने २०२५ मध्ये चौकशी लावली. त्यामुळे आपल्याही घरातली जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, जुने सातबारा जपून ठेवा.

हे लक्षात ठेवा

• खोली भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या आणि पोच जपून ठेवा.

• परदेशी पाहुणा किंवा भाडेकरू ठेवला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं.

• शंका आली तर पोलिसांना सांगा. स्वतः जमाव करून कागद तपासणं, कोंडून ठेवणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे.

• ठेकेदारांनी मजुराच्या मूळ गावचा पत्ता आणि घरच्यांचा फोन नंबर नोंदवून ठेवावा. त्याला ताब्यात घेतलंच, तर लगेच घरी कळवता येतं.

• कलम २१ चं संरक्षण फक्त नागरिकांना नाही, परदेशी माणसालाही आहे. त्याला वकील गाठता येतो. गरिबाला तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं.

शेवटी एवढंच. आपलीही पोरं परमुलखात भाड्याच्या खोलीत राहतात. तिथं त्यांची जशी चौकशी व्हावी असं आपल्याला वाटतं, तशीच इथं आलेल्याची व्हावी.