संक्रांतीचें सुगड

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील भातखाचरें इमारतींखालीं गेलीं. तरी जानेवारी उजाडला कीं तेथील बाजारांत सुगडें, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, ऊस व बोरें येतातच. शेत सरलें, पण शेताचा सण सरला नाहीं.

हा सण उत्तरायणाचा मानतात. वस्तुतः दिनमान वाढूं लागतें 22 डिसेंबरच्या सुमारास, आणि संक्रांत येते 14 वा 15 जानेवारीस. सुमारें 1700 वर्षांपूर्वीं हे दोन्ही प्रसंग एकाच वेळीं येत. संपातबिंदु दर 72 वर्षांत सुमारें एक अंश मागें सरत असल्यामुळें हें अंतर पडलें.

मग सण चुकीचा म्हणावा काय? मुळींच नाहीं. सूर्याची खूण हुकली तरी पिकाची खूण कायम आहे. याच दिवसांत हरभरा घाट्यांत भरतो, गहू ओंबीवर येतो. थंडी पिकास मानवली कीं नाहीं, तें दाण्यावरून कळतें. सुगड म्हणजे रब्बीचा नमुनाच होय.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंती अशी कीं, भोगीच्या दिवशीं सुगडासाठीं घाटे केवळ बांधालगतचे न तोडतां शेताच्या चारी कोपऱ्यांतून व मध्यांतून घ्यावे आणि सोलून पाहावे. गोल छिद्रें आढळल्यास घाटेअळी आली असें समजून त्वरित उपाय योजावा. बाजारांत धाडावयाचा मालही असाच पारखून धाडावा; कारण उपनगरांतील भगिनींस आपल्या शेताची ओळख वर्षांतून एकदां त्या मूठभर घाट्यांवरूनच होते. ती भरल्या दाण्याची असावी.