रोगप्रतिकारक पेशींचे जीवित आणि संदेशवाहक प्रथिने

रोगप्रतिकारक पेशी एकदा निर्माण झाली म्हणजे काही विघात होईपर्यंत ती आपोआप जगते, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. टी-पेशीच्या ठिकाणी आत्मनाशाची यंत्रणा सज्जच असते. बाहेरून जीवितरक्षक संदेश मिळत राहिला तरच ती आवरली जाते. जीवित हा या पेशीचा अंगभूत गुण नसून तिला वारंवार मिळावी लागणारी अनुज्ञा होय.

ही अनुज्ञा देणाऱ्या प्रथिनांत इंटरल्यूकिन-७ प्रमुख आहे. अस्थिमज्जा, थायमस ग्रंथी व लसीका ग्रंथी यांतील आधारपेशी ते निर्माण करतात. टी-पेशीच्या पृष्ठभागावरील त्याच्या ग्राहीचे दोन घटक असतात : एक आल्फा, दुसरा अन्य काही इंटरल्यूकिनांनाही समाईक असलेला, गॅमा. प्रथिन ग्राहीस जोडले गेले की आत जॅक-१ व जॅक-३ ही विकरे कार्यप्रवृत्त होतात, स्टॅट-५ हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि बीसीएल-२ या मृत्युरोधक प्रथिनाचे प्रमाण टिकून राहते.

संदेश एकच असला तरी त्याचा अर्थ ग्रहण करणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर ठरतो. थायमसमधील अपक्व पेशीस तो वाढीचा व विकासाचा असतो. विश्रांत प्रौढ पेशीस तो मुख्यतः तगून राहण्याचा असतो.

संदेश न पोचल्यास काय होते, हे जन्मजात दोषांवरून कळते. समाईक गॅमा घटकाच्या जनुकातील दोषामुळे अर्भकास तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता जडते, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. आल्फा घटकाचा तसाच दोष १९९८ मध्ये आढळला. दोहोंतही टी-पेशींची वाण पडते. बी-पेशी मात्र संख्येने असतात. उंदरात बी-पेशींनाही इंटरल्यूकिन-७ लागते. तेव्हा उंदरावरून काढलेला निष्कर्ष मनुष्यास सरसकट लावता येत नाही.

या ज्ञानाचे व्यावहारिक मोल मुंबईच्या उपनगरात, पवई येथे दिसून आले. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, सीडी-१९ हे चिन्ह धारण करणाऱ्या बी-पेशी ओळखणारा कृत्रिम ग्राही त्यांवर बसविला जातो व त्या परत दिल्या जातात. परंतु शत्रू ओळखणे पुरेसे नाही. पेशी टिकली पाहिजे. म्हणून या ग्राहीच्या अंतर्भागात ४-१बीबी या प्रथिनाचा संदेशवाहक अंश जोडलेला आहे. सीडी-२८ चा अंश जोडला असता पेशी त्वरेने वाढतात. ४-१बीबीमुळे त्या अधिक काळ तगतात. शिवाय, पेशी परत देण्यापूर्वी औषधांनी रुग्णाच्या मूळ लसीकापेशी कमी केल्या जातात. त्यामुळे इंटरल्यूकिन-७ व १५ यांचे वाटेकरी घटतात आणि नवागत पेशींच्या वाट्यास ती अधिक येतात.

या दीर्घ जीविताची किंमतही आहे. सीडी-१९ हे चिन्ह निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही नष्ट होतात व रुग्णाची प्रतिपिंडे घटतात. उलटपक्षी, या पेशी अकाली लोपल्या तर रक्ताचा कर्करोग उलटण्याची भीती असते. जगण्याचा संदेश किती काळ चालू ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रयोगशाळेचा न राहता रुग्णाच्या जीविताचा ठरतो.