घोडा आणि माशी

घोड्यासारखें बलिष्ठ जनावर माशीपुढें मात्र अगदीं हतबल होतें. माथेरानच्या वाटेवर उभा असलेला घोडा पाहावा. त्याचे कान, कातडी, पाय आणि शेपूट यांना क्षणाची विश्रांति नसते. पाहणाऱ्यास ती खोड वाटते. वस्तुतः तें त्याचें आत्मरक्षण असतें.

या माशा मुख्यतः तीन प्रकारच्या. डोळ्यांच्या पाण्यावर व जखमेवर बसणारी घरमाशी चावत नाहीं. परंतु ती कृमींच्या अळ्या जखमेंत सोडते आणि मग लवकर न भरणारें क्षत पडतें. पावसाळ्यांत तें बळावतें म्हणून त्यास ‘बरसाती’ हें नांव पडलें. दुसरी तबेल्याची माशी. ही घरमाशीसारखीच दिसते, पण पायांस कडकडून चावते. तिसरी मोठी घोडेमाशी. हिची मादी कातडी चिरून रक्त पिते आणि एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातांना ‘सर्रा’ रोगाचे जंतु नेते. हे जंतु १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें डेरा इस्माइलखान येथें शोधून काढिले. उपचार न झाल्यास सर्रा झालेला घोडा बहुधा दगावतो. आणि ज्याचें कुटुंब एकाच घोड्यावर जगतें, त्याचा संसारही त्याबरोबर खचतो.

यावर पहिला घरगुती उपाय म्हणजे झाडू. उन्हाळ्यांत घरमाशीच्या अंड्याची माशी होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून लीद व भिजलेलें गवत रोजच्या रोज काढावें. तें दूर उन्हांत पातळ पसरावें किंवा झांकलेल्या खड्ड्यांत टाकावें. घोडेमाशी मात्र पाणथळ चिखलांत वाढते. तिच्यापुढें झाडू चालत नाहीं. तिच्या दिवसांत घोडा भर दुपारीं पाण्याकांठीं चरावयास सोडूं नये.

दुसरा उपाय आच्छादनाचा. म्होरकीस सुताची झालर बांधली कीं डोळ्यांचें रक्षण होतें. अंगावर पातळ, फिकट झूल घालावी. इंग्लंडांत केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत झेब्र्यासारखे पट्टे असलेली झूल घातलेल्या घोड्यांवर घोडेमाशा फारच कमी बसल्या. जुन्या पांढऱ्या चादरीवर काळे पट्टे काढून असा प्रयोग घरींही करतां येतो. शेपूट मात्र कापूं नये. ती घोड्याची जन्मजात चवरी आहे.

तिसरा उपाय तेलाचा. एक भाग कडुनिंबाचें तेल अथवा करंजेल नऊदहा भाग खोबरेलांत मिसळून, खराऱ्यानंतर पायांस व पोटाखालीं पुसट लावावें. प्रथम थोड्याशा जागीं लावून एक दिवस पाहावें. डोळे व जखमा टाळाव्या. घाम आला कीं गुण जातो, म्हणून तें पुन्हा लावणें भाग असतें. निंबाच्या पाल्याची धुरी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूस द्यावी. बंद पागेंतील धुरानें घोड्याची छाती बिघडते.

कांहीं उपाय मात्र अपायच होत. रॉकेल किंवा कडक फिनेल यांनीं कातडी भाजते. माशा पळाव्या म्हणून चंदींत पुष्कळ लसूण घातल्यास रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात.

येऊन-जाऊन असणारा ताप, पायांवर व पोटाखालीं सूज, खाणें चालू असून रोडावणें, हीं लक्षणें दिसतांच घरगुती उपाय बाजूस ठेवावे आणि पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. तेल आणि धुरी माशीस कांहीं वेळ दूर ठेवितात. तिची पैदास मात्र मोतद्दाराचा रोजचा झाडूच थांबवितो.