टक्कल पडतंय? तेलाची बाटली की डॉक्टरांचा सल्ला?

मुलगा पंचविशीत आला, लग्नाची बोलणी सुरू झाली आणि कपाळ मोठं दिसू लागलं की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. आई कांद्याचा रस काढते, मावशी माका-जास्वंदीचं तेल पाठवते आणि मित्र मोबाइलवर ‘आदिवासी हेअर ऑइल’चा व्हिडिओ दाखवतो.

हे तेल प्रसिद्ध झालं ते म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर तालुक्यातून. तिथल्या पक्षीराजपुरात राहणारा हक्कीपिक्की समाज पूर्वी पक्षी पकडून गुजराण करायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि जडीबुटी, तेलं विकणं हाच आधार उरला. त्यासाठी हे लोक थेट आफ्रिकेपर्यंत जातात. २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा त्यांच्यातले अनेक जण तिथे अडकले होते. पोटासाठीची ही धडपड खरी आहे. पण तेलाने टक्कल जातं का, हा प्रश्न वेगळा आहे.

केस का जातात?

पुरुषांचं टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. ते आईकडून किंवा वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकतं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. त्याला संवेदनशील असलेली कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि टाळूवरची केसांची मुळं हळूहळू आकसतात. दर वेळी उगवणारा केस आधीपेक्षा बारीक होतो आणि शेवटी उगवायचाच थांबतो.

घरगुती उपाय किती उपयोगी?

खोबरेल तेल केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करतं, त्यामुळे केस कमी तुटतात. मात्र ते डीएचटीला रोखत नाही. कांद्याच्या रसाचा २००२ मधला अभ्यास चाई पडलेल्या रुग्णांवर झाला होता आणि चाई हा वेगळा आजार आहे. रोझमेरी तेलाची २०१५ मध्ये इराणमध्ये १०० पुरुषांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी त्याचा परिणाम २ टक्के मिनॉक्सिडिलइतकाच दिसला. पण एवढ्या छोट्या अभ्यासावर भरवसा ठेवता येत नाही.

सिद्ध उपचार कोणते?

मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झालं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, त्याने घाबरून औषध सोडू नका. फरक दिसायला साधारण चार ते सहा महिने लागतात.

फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये मंजूर झाली. ती डीएचटी कमी करते. काहींना लैंगिक तक्रारी किंवा नैराश्य जाणवू शकतं, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. घरात कुणी गर्भवती असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. दोन्ही औषधं बंद केली की काही महिन्यांत केस पुन्हा गळू लागतात.

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या मागचे, डीएचटीला दाद न देणारे केस पुढे लावतात. ते प्रशिक्षित डॉक्टरकडूनच करून घ्या.

या गोष्टी लक्षात ठेवा

• रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे.
• केस अचानक किंवा चट्ट्यांनी जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कारण थायरॉइड, ताप किंवा बुरशीही असू शकते.
• आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल ‘जे’मध्ये टक्कलाचा समावेश आहे, म्हणजे टक्कल बरं करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. १०० टक्के हमी दिसली की सावध व्हा.

तेलमालीश आवडत असेल तर खुशाल करा. पण तेलाच्या भरवशावर दोन-तीन वर्षं घालवू नका. आकसलेल्या मुळांना औषधाने उभारी मिळू शकते, पूर्ण बंद पडलेल्या मुळांना नाही. आणि उपचार नको असतील तर केस बारीक कापून मोकळेपणाने वावरा. घरच्यांनीही पाहुण्यांसमोर त्याच्या कपाळाची चेष्टा करणं तेवढं थांबवावं.