रिपोर्ट निगेटिव्ह, तरी त्रास का?

लघवीला जळजळ होते, अंगावरून पांढरं जातं किंवा नाजूक जागी फोड आला आहे. धीर करून तुम्ही टेस्ट करता आणि रिपोर्ट येतो, 'निगेटिव्ह'. क्षणभर हायसं वाटतं, पण त्रास तसाच. मग हे सगळे मनाचे खेळ आहेत का? नाही. ज्या दिवशी, ज्या जागेचा नमुना दिला आणि त्यात जो संसर्ग शोधला, रिपोर्ट तेवढ्यापुरतंच सांगतो.

टेस्ट फार लवकर झाली

संसर्ग झाल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी तो साधारण १ ते २ आठवडे असतो. एचआयव्हीसाठी शिरेतलं रक्त घेऊन केलेली अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, तर बोटाला टोचून होणाऱ्या अँटिबॉडी टेस्टला २३ ते ९० दिवस लागू शकतात. सिफिलिसमध्ये जखम दिसत असतानाही सुरुवातीची रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

नमुना चुकला

घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीच्या तपासणीत सापडत नाही, तिथलाच स्वॅब घ्यावा लागतो. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी लघवीची पहिली धार हवी आणि त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. हर्पिसचा फोड ताजा असतानाच दाखवा. तो सुकला की विषाणू सापडणं कठीण होतं.

आधीच गोळ्या घेतल्या

लाजेपोटी अनेक जण मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणतात. त्यामुळे जंतू कमी होऊन टेस्टमधून निसटू शकतात, पण आजार बरा झालेला असेलच असं नाही.

कारणच वेगळं आहे

एकाच टेस्टमध्ये सगळे संसर्ग तपासले जात नाहीत. ट्रायकोमोनास किंवा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम अनेकदा यादीतच नसतात. शिवाय यीस्ट, बॅक्टेरियल व्हजायनोसिस, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा साबणाची अॅलर्जी यांनीही असाच त्रास होतो. म्हणून लगेच जोडीदारावर संशय घेऊ नका.

आता काय कराल?

रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. संबंध कधी आला, कोणत्या प्रकारचा होता, कोणती औषधं घेतली, हे न लपवता सांगा. मग ३ प्रश्न विचारा: नेमके कोणते संसर्ग तपासले? नमुना योग्य जागेचा होता का? टेस्ट पुन्हा कधी करू? निदान होईपर्यंत संबंध टाळा. संसर्ग निघाला, तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत.

ओटीपोटात तीव्र वेदना, ताप किंवा अंडकोषात अचानक दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचाराविना राहिलेला क्लॅमिडिया स्त्रियांच्या गर्भनलिकांना इजा करून पुढे गर्भधारणेत अडथळा आणू शकतो. कुणाशी बोलावं हे कळत नसेल, तर नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

शरीर तक्रार करत असेल, तर एका कागदावर विसंबून गप्प बसू नका.