चराऊ बोकडांस खुराक आणि मांसाचा उतारा

पावसाळा सरला म्हणजे रानांतील पाला राठ होऊं लागतो, आणि होळीनंतर बाभळीच्या शेंगांवांचून बकरीस फारसें कांहीं मिळत नाहीं. अशा दिवसांत विक्रीच्या बोकडास घरून खुराक द्यावा किंवा नाहीं, आणि दिल्यास तो खर्च मांसांत उतरतो कीं व्यर्थ जातो, हा प्रश्न नागपूर, वर्धा, अमरावती व अकोला या टापूंत बेरारी जातीच्या बकऱ्या पाळणारांस दरवर्षीं पडतो. सन २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें एक कोटी सहा लक्ष बकऱ्या भरल्या होत्या. तेव्हां प्रश्न लहान नव्हे.

उन्हाळ्यांतील राठ चाऱ्यानें पोट भरतें, पण त्यांत प्रथिन थोडें असतें. बकरीच्या पोटांत चारा पचविणारे जे सूक्ष्म जंतु आहेत त्यांसही नत्र लागतें; तें न मिळाल्यास खाल्लेला चारा अर्धवट पचूनच बाहेर पडतो. म्हणून सरकीची अगर जवसाची ढेप, तुरीची चुनी व भरडलेली ज्वारी मिळून जनावराच्या वजनाच्या शेंकडा एक ते दीड इतका खुराक दिला असतां चराईचेंही फळ अधिक मिळतें.

आतां हिशेब पाहूं. जन्मभर महसुली कारकुनी केलेल्या मनुष्यास आंकड्यांवांचून करमत नाहीं, याची वाचकांनीं क्षमा करावी. समजा, दोन सारखे बोकड आहेत. नुसत्या चराईवरचा विक्रीचे वेळीं २० किलो भरला व उतारा शेंकडा ४२ पडला, तर सोललेलें धड ८.४ किलो होईल. दुसऱ्यास ९० दिवस रोज पाव किलो खुराक देऊन तो २४ किलो भरला व उतारा ४७ पडला, तर धड सुमारें ११.३ किलो. म्हणजे २२॥ किलो खुराकाबद्दल २.९ किलो धड अधिक. एका किलोस जवळजवळ आठ किलो खुराक. यास आपापल्या गांवचा ढेपेचा व मटणाचा भाव लावून पाहावा. उताऱ्याची ही सर्व वाढ मात्र मांसाची समजूं नये. चराऊ बोकडाच्या पोटांत पाल्यापाण्याचें ओझें अधिक असतें, त्यामुळेंही त्याचा उतारा कमी दिसतो.

चरबीचा प्रकार निराळा आहे. बोकडाची चरबी मेंढ्याप्रमाणें कातड्याखालीं लवकर सांचत नाहीं. ती प्रथम आंतड्यांभोंवतीं व गुर्द्यांभोंवतीं जमते. बेताच्या खुराकानें हाडाच्या मानानें मांस वाढतें व मटण रसाळ होतें. पण खुराक अति झाला कीं पैसा पोटांतील चरबींत जातो, आणि ती मटणाच्या भावानें कोणी घेत नाहीं. खच्ची बोकडांत तर हें आणखी लवकर घडतें. पाल्यावरच्या मांसांत ओमेगा-तीन जातीचीं स्निग्धाम्लें अधिक असतात, हा चराईचा गुण मान्य केला पाहिजे. यास्तव चराई बंद करूं नये. शिवाय उपाशी, दमलेल्या बोकडाच्या स्नायूंतील साखर सरलेली असते, म्हणून त्याचें मटण काळसर पडतें.

पेन्शन घेतल्यावर पहिल्याच वर्षीं बकरीद जवळ आली म्हणून मीं चार बोकडांपुढें एकदम ज्वारीची टोपली ठेविली. दुसरे दिवशीं एक पोट फुगून, ढाळ लागून मेला. धान्य एकदम पोटांत गेल्यानें तेथें आम्ल माजतें, हें मला मागाहून पशुवैद्यानें सांगितलें. तेव्हांपासून मी पहिल्या दिवशीं मूठभर देऊन पंधरा दिवसांत पूर्ण मापावर आणतों, आणि तेंही सायंकाळीं, बोकड चरून आल्यावर.

उरलेले तिघे चांगले भरले होते, तरी व्यापाऱ्यानें पाठीवरून हात फिरवून अदमासानें भाव केला, आणि शेजाऱ्याच्या चराऊ बोकडांइतकेच पैसे माझ्या हातीं ठेविले. खुराकाचा नफा सगळा त्याच्या पदरांत गेला. पुढच्या वर्षीं मीं लटकता काटा विकत घेतला. आतां दर पंधरवड्यास तोलतों, आणि वाढ मंदावली कीं सणाची वाट न पाहतां वजनावरच विकतों.