शिपायाला काय शिकवावे?

मुंबईच्या लोकल मार्गावरील विठ्ठलवाडीच्या पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची पहिली गाठ ठाणे अंमलदाराशी, म्हणजे येणाऱ्याचे ऐकून घेऊन त्याची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याशी पडते, आणि पोलीस खाते कसे आहे याविषयीचे त्याचे मत बहुधा त्या टेबलापाशीच ठरते. त्या टेबलामागे बसणाऱ्याला काय शिकवावे, हा प्रश्न केंद्र सरकारने नोव्हेंबर १९७१ मध्ये नेमलेल्या पोलीस प्रशिक्षण समितीपुढे होता. तिचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. माधव सदाशिव गोरे यांच्याकडे, म्हणजे गणवेश कधीही न चढवलेल्या एका समाजशास्त्रज्ञाकडे सोपवले गेले, ही निवड आजही मोलाची वाटते. कारण कवायत, शस्त्रे आणि कायद्याची कलमे यांभोवती फिरणाऱ्या प्रशिक्षणात पोलिसाची वृत्ती आणि समाजाची जाण यांना जागा हवी, हा आग्रह १९७३ च्या अहवालात ठामपणे उतरला. पोलीस संशोधन व विकास विभागात त्याच वर्षी प्रशिक्षणाची स्वतंत्र शाखा उघडली, ती याच समितीच्या शिफारशीवरून.

अशा समितीच्या सदस्याला हुकूम काढता येत नाही. त्याला पाहणी करून शिफारस करता येते. आणि पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीत असल्याने शिपायाच्या प्रशिक्षणाबाबतची शिफारस केंद्राने स्वीकारली तरी ती अमलात आणणे राज्याच्याच हाती राहते. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगावरही गोरे सदस्य होते, आणि शिपायाला केवळ सांगकाम्या न मानता त्याला स्वतःच्या विवेकाने काम करता यावे, ही भूमिका आयोगाने १९७९ च्या पहिल्या अहवालातच मांडली.

हा विवेक म्हणजे काय, ते विठ्ठलवाडीत सहज कळते. लोकलमध्ये झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत मोडते, तर स्थानकाबाहेरच्या रस्त्यावरची शहर पोलिसांच्या. घाबरलेल्या प्रवाशाला ही रेषा ठाऊक नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर हद्दीबाहेरची असली तरी नोंदवावी लागते. हे कलम पाठ करायला एक तास पुरतो. पण समोरच्याला आधी बसायला सांगून, पाणी देऊन, मग त्याची हकिकत शांतपणे उतरवून घेण्याची सवय लागायला किती दिवस द्यायचे, हे प्रशिक्षण केंद्राच्या वेळापत्रकातच ठरवावे लागते.